जुन्या फोर्डचा जीर्णोद्धार : मागचा आस आणि ब्रेक

जुन्या मोटारींची मिरवणूक निघाली की रस्त्याच्या दुतर्फा उभे राहणारे लोक बहुधा दोनच प्रश्न विचारतात : गाडी केवढ्याची, आणि पळते किती? ती थांबते कशी, असे विचारणारा क्वचितच भेटतो. गाडीचा धनी हौशी असला आणि इंजिनाची ताकद वाढवून घेण्याचा त्याचा बेत असला, तर तोही हा तिसरा प्रश्न अखेरीसच ठेवतो. प्रस्तुत लेखाचा विषय हा तिसरा प्रश्न आहे. जुन्या गाडीच्या अंगी अधिक बळ आणायचे तर तिचा मागचा आस आणि तिचे ब्रेक यांची रचना का व कशी बदलावी लागते, याचा विचार एका प्रसिद्ध गाडीच्या आधारे येथे करावयाचा आहे.

कला शाखेच्या वार्षिक अंकात वंगणाचा वास कशाला, अशी शंका एखाद्या प्राध्यापकांच्या मनात येईल. तिला उत्तर असे की, जुने यंत्र ही देखील एक संहिताच असते. ती वाचावी लागते, तिच्यातला मूळ पाठ कोणता आणि मागाहून कोणी घुसडलेला कोणता हे ओळखावे लागते, आणि ती ज्या काळात सिद्ध झाली त्या काळाचे रस्ते व माणसे डोळ्यांपुढे आणल्याखेरीज तिचा अर्थ लागत नाही. शिवाय या विषयाला लागणारे गणित शाळेतल्या गणितापलीकडचे नाही.

गाडी म्हणजे अमेरिकेतील फोर्ड कंपनीची ‘मॉडेल टी’. १९०८ साली ती बाजारात आली आणि १९२७ च्या मे महिन्यात तिचे उत्पादन थांबले. एवढ्या अवधीत दीड कोटीहून अधिक गाड्या तयार झाल्या. आरंभी आठशे डॉलरांच्या वर असलेली किंमत उतरत उतरत १९२५ मध्ये सर्वांत स्वस्त नमुन्यापुरती २६० डॉलरांवर आली. ब्रिटिश साम्राज्यातील देशांना फोर्ड गाड्या कॅनडातून जात. त्या कॅनेडियन कंपनीने १९२६ मध्ये भारतात आपली उपकंपनी काढली. म्हणजे हे यंत्र आपल्यालाही अगदीच परके नाही.

इंजिन चार सिलिंडरांचे, सुमारे २.९ लिटर क्षमतेचे. मिनिटाला १६०० फेऱ्या झाल्या म्हणजे त्याची शक्ती २० अश्वशक्तीच्या आसपास भरे. कमाल वेग ताशी ४० ते ४५ मैल. आज हे आकडे वाचून हसू येईल. परंतु १९०८ च्या अमेरिकेत शहराबाहेरचे बहुतेक रस्ते मातीचे होते आणि त्यांवर ताशी चाळीस मैल चालवण्याचा प्रसंगच कमी येई. गाडी त्या रस्त्यांसाठी घडवली होती : उंच, हलकी, लवचिक. आपल्या बैलगाडीप्रमाणे तिची चाकेही बहुतेक काळ लाकडी आऱ्यांची होती.

आता तिच्या चालवण्याच्या तऱ्हेकडे वळू, कारण सगळ्या कथेचे बीज तेथे आहे. चालकाच्या पायांशी तीन पट्ट्या. डावी पट्टी दाबली की पहिला गिअर, सोडली की दुसरा. मधली पट्टी मागे जाण्यासाठी. उजवी ब्रेकची. पेट्रोल कमीजास्त करण्याचा दांडा स्टिअरिंगखाली हाताशी. याखेरीज एक हातब्रेक. आजचा चालक त्या आसनावर बसला तर पहिल्या चौकातच गोंधळेल. तिन्ही पट्ट्यांपैकी कोणतीही जोराने दाबली तरी गाडीचा वेग उतरे. त्यामुळे ब्रेकचा पट्टा झिजू नये म्हणून मागे जाण्याची पट्टी दाबून गाडी थांबवणारे चालकही त्या काळी होते!

पायाचा हा ब्रेक चाकांवर लागत नसे, ही या गाडीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट होय. इंजिनाच्या पाठीमागे, गिअरच्या पेटीत एक ढोल होता. पट्टी दाबली की कापसाचे अस्तर लावलेला पोलादी पट्टा त्या ढोलाला आवळून धरी. ढोल थांबला की त्याला जोडलेला लांब दांडा थांबे. दांडा थांबला की त्याच्या टोकाचे लहान दंतचक्र, म्हणजे पिनियन, थांबे. पिनियन थांबले की मोठे क्राऊन-चाक थांबे, मग त्यातले डिफरन्शियल, मग दोन बाजूंचे हाफशाफ्ट, आणि सरतेशेवटी मागची दोन चाके. पुढच्या चाकांना ब्रेक नव्हताच. हातब्रेक मात्र थेट मागच्या चाकांच्या ढोलांवर लागे. परंतु १९२५ पर्यंतच्या गाड्यांत ते ढोल जेमतेम आठ इंच व्यासाचे होते आणि आतले बूट बिडाचे, अस्तराविना. उभी गाडी घरंगळू नये एवढेच त्यांचे सामर्थ्य. १९२६ च्या सुधारित नमुन्यात ढोल अकरा इंचांचे झाले आणि बुटांना अस्तर लाभले.

वाचकांनी वरील साखळी पुन्हा एकवार मनात म्हणून पाहावी : पट्टा, ढोल, दांडा, पिनियन, क्राऊन-चाक, डिफरन्शियल, हाफशाफ्ट, चाक. इंजिनाची शक्ती ज्या वाटेने चाकाकडे जाते, त्याच वाटेने ब्रेकचा जोरही जातो. वाटेत एक कडी तुटली तर गाडी चालायची थांबते, असे आपण म्हणू. सपाटीवर ते खरे आहे. उतारावर मात्र तीच कडी तुटली की गाडी थांबायची थांबते.

ही कडी तुटते कोठे? बाहेरून काहीच दिसत नाही. डिफरन्शियलच्या दोन्ही बाजूंना, त्याच्या पेटीत, एकेक जाड वॉशर असतो. त्याचे काम काय ते पाहू. सरळ दातांची शंकूच्या आकाराची दोन चक्रे एकमेकांना फिरवू लागली की ती एकमेकांपासून दूर सरकू पाहतात. दात तिरपे उतरते असल्यामुळे हे अटळ आहे. क्राऊन-चाकाला दूर सरकू न देता पिनियनच्या दातांत अडकवून ठेवायचे काम त्या वॉशरचे. आणि गंमत अशी की हा दूर लोटणारा जोर इंजिन ओढीत असताना जसा येतो तसा ब्रेक लावतानाही येतो. दिशा उलटली तरी चक्रे दूरच सरकू पाहतात.

फोर्डने हे वॉशर बहुतांश गाड्यांत पांढऱ्या धातूचे बसवले. हा बॅबिट नावाचा मऊ मिश्रधातू बेअरिंगसाठी उत्तम. नव्या गाडीत त्याने आपले काम चोख बजावले. परंतु काळ कोणालाच सोडत नाही. शंभर वर्षांत त्या वॉशरला भेगा जातात, तो ठिसूळ होतो आणि एके दिवशी त्याचा चुरा होतो. चुरा झाला की क्राऊन-चाक पिनियनपासून बाजूला होते, दात दातांवरून घसरू लागतात आणि इंजिनाचा व चाकांचा संबंध सुटतो. त्या क्षणी चालकाने ब्रेकची पट्टी कितीही दाबली तरी तो फक्त एका मोकळ्या दांड्याला आवळीत असतो. उरतो तो हातब्रेक. आणि तो कसा होता ते वर सांगितलेच आहे.

ही गाडी बाळगणाऱ्या जाणत्या मंडळींचा पहिला नियम म्हणूनच असा आहे की, पूर्वीचा इतिहास ठाऊक नसलेली मॉडेल टी हाती आली तर मागच्या आसाची पेटी उघडून वॉशर पाहिल्याखेरीज ती रस्त्यावर काढायची नाही. पांढऱ्या धातूचे वॉशर काढून त्यांच्या जागी ब्राँझचे बसवतात. भाग लहान, खर्च मोठा नाही. पण त्यासाठी अख्खा आस गाडीखालून काढून दोन फाळक्यांत उघडावा लागतो. बाहेरून रंग चकचकीत, पितळ लखलखीत आणि आत शंभर वर्षांचा वॉशर, अशा गाड्या कमी नाहीत. लग्नाच्या वरातीत मिरवणाऱ्या जुन्या गाडीच्या पोटात काय आहे, हे नवरदेवाला कोण सांगणार?

इथवर मूळ गाडीचीच गोष्ट झाली. आता तिला अधिक बळ द्यायचे ठरवू. हा हव्यास आजचा नाही. मॉडेल टी बाजारात असतानाच तिच्या इंजिनावर बसवायचे नवे माथे विकत मिळत. त्यांत शेव्हरोले बंधूंचे ‘फ्राँटनॅक’ आणि विस्कॉन्सिनमधील रसीन गावचे ‘राजो’ ही नावे विशेष गाजली. मूळ इंजिनात झडपा बाजूला होत्या, या माथ्यांत त्या वर आल्या. हवा मोकळेपणाने आत येऊ लागली आणि ताकद वाढली. १९२३ च्या इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत अशाच फोर्डजन्य गाडीने एल. एल. कोरम या चालकाच्या हाती पाचवा क्रमांक मिळवला. तेथे खास शर्यतीसाठी बांधलेल्या महागड्या गाड्या तिच्या पुढे-मागे धावत होत्या, हे ध्यानात घेतले म्हणजे हा पराक्रम लहान वाटत नाही. इंजिनाविषयी याहून अधिक येथे सांगत नाही. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

समजा, वीस अश्वशक्तीच्या चाळीस झाल्या, जड टप काढून दोन आसनांचे हलके अंग बसवले, आणि गाडी चाळीसऐवजी साठ मैलांनी धावू लागली. वेग दीडपट झाला. परंतु गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ती दीडपट न होता सव्वादोनपट होते. थांबायचे म्हणजे ही सगळी ऊर्जा घर्षणाने उष्णतेत रूपांतरित करायची. मूळ ब्रेकचा पट्टा कापसाचा, तेलात बुडालेला आणि गिअरच्या पेटीत कोंडलेला. लांब उतारावर तो करपतो. त्याचे तंतू सुटून इंजिनाच्या तेलाच्या नळीत अडकतात ती आणखी एक पीडा. सव्वादोनपट उष्णता त्याने पचवावी ही अपेक्षा करणेच चूक.

दुसरे गणित पिळाचे आहे. इंजिनाचा जास्तीत जास्त पीळ सुमारे ८३ फूट-पौंड. आसातले गुणोत्तर ४० दातांस ११ दात, म्हणजे ३.६४. वरच्या गिअरमध्ये आसावर येणारा पीळ झाला सुमारे ३०० फूट-पौंड. आता ब्रेक लावताना काय होते ते पाहू. गाडी व दोन माणसे मिळून वजन १८०० पौंड धरू. केवळ मागच्या चाकांवर ब्रेक असलेली अशी गाडी गुरुत्वाच्या सुमारे ०.२८ पट एवढ्याच दराने मंदावू शकते. हा आकडा कोठून आला ते पुढे सांगतो. म्हणजे मागे ओढणारा जोर ५०० पौंडांचा. चाकाची त्रिज्या सव्वा फूट, तेव्हा आसावरचा पीळ झाला ६३० फूट-पौंड. वरच्या गिअरमध्ये इंजिन पूर्ण जोराने ओढीत असताना आसाला जेवढा पीळ सोसावा लागतो, त्याच्या दुपटीहून अधिक पीळ जोराचा ब्रेक लावताना सोसावा लागतो! पहिल्या गिअरमध्ये मात्र गुणोत्तर एकूण दहाच्या घरात जाते आणि पीळ ८३० वर चढतो. तात्पर्य, आस मोडतो तो एकतर चढावर पहिल्या गिअरमध्ये किंवा उतारावर ब्रेक लावताना. आणि दोन्ही ठिकाणी मागे खोल दरी असण्याचाच संभव.

हाफशाफ्टची जाडी वाढवता येईल का? गोल दांड्याची पीळ सोसण्याची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. व्यास एक दशांशाने वाढवला तर ताकद एक तृतीयांशाने वाढते. हिशेब मोहात पाडणारा आहे. पण जाड दांड्याला बेअरिंग वेगळे, तुंबा वेगळा, डिफरन्शियलची चक्रे वेगळी. एका धाग्याला हात घातला की सगळे वस्त्र उसवते. म्हणून बहुतेक जण जाडी तीच ठेवून अधिक चांगल्या पोलादाचा नवा दांडा घेतात. खरा धोका जाडीपेक्षा टोकाशी आहे. या गाडीत मागचे चाक हाफशाफ्टच्या निमुळत्या टोकावर बसते, एका चावीने अडकते आणि नटाने आवळले जाते. तो दांडा चाकाला फिरवतो आणि वर गाडीचे वजनही तोलतो. चावीची खाच जेथे कोरली आहे तेथे ताण साठतो. नट सैल राहिला तर चाक निमुळत्या टोकावर हलते, खाच रुंदावते, आणि पुष्कळ दिवसांनी, पुष्कळ मैलांनी, दांडा तेथेच तुटतो. मग चाक गाडी सोडून पुढे निघून जाते. त्याच्याबरोबर ब्रेकचा ढोलही जातो, म्हणजे हातब्रेकचाही भरवसा उरत नाही.

बैलगाडीत असे होत नाही. तिथे आख स्थिर असतो, वजन तो तोलतो, आणि तुंबा त्याच्याभोवती फिरतो. वजन तोलणारा वेगळा आणि फिरणारा वेगळा. आजच्या मालमोटारींत तीच पद्धत आहे : चाक आसाच्या नळीवरील बेअरिंगांवर फिरते, आतला दांडा केवळ पीळ पोचवतो, तो तुटला तरी चाक जागेवर राहते. मॉडेल टीसाठी या तत्त्वावरचे तुंबे आता वेगळे करून मिळतात. ताकद वाढवलेल्या गाडीला ते बसवणे ही हौस नव्हे, गरज आहे असे माझे मत आहे.

आसाच्या गुणोत्तराकडेही पाहिले पाहिजे. मूळ ३.६४ च्या गुणोत्तरात ताशी साठ मैलांसाठी इंजिनाला मिनिटाला २४०० च्या वर फेऱ्या घालाव्या लागतात. तीनच बेअरिंगांवर तोललेल्या, तेल उडवून वंगण मिळवणाऱ्या त्या बारीक क्रँकशाफ्टला हे झेपत नाही. म्हणून हौशी मंडळी ३९ दातांस १३ दात, म्हणजे तीनास एक, असे क्राऊन-पिनियन बसवतात. फेऱ्या २००० च्या आसपास उतरतात. एवढे सर्वांनाच कळते. पण गिअरपेटीतला ब्रेक दांड्याला धरतो, आणि त्याचा जोर आसातून जाताना याच गुणोत्तराने गुणला जातो. गुणोत्तर ३.६४ वरून ३ वर आले की पायाच्या त्याच जोराला चाकांवर मिळणारा ब्रेक साडेसतरा टक्क्यांनी घटतो. गाडी वेगवान करण्यासाठी केलेला बदल तिचा ब्रेक आपसूक कमकुवत करतो. कागदावर दोन ओळींचे गणित. पण जो ते करीत नाही त्याला ते पहिल्या उतारावर कळते.

गुणोत्तर उतरवले की चढ चढवेना होतो, कारण गिअर दोनच. त्यावर उपाय म्हणून त्या काळी ‘रक्स्टेल’ नावाचा दुहेरी गतीचा आस मिळे. त्यात आसातच आणखी एक गिअर असे. ‘वॉरफोर्ड’सारखी जादा गिअरपेटी दांड्याच्या वाटेत बसवण्याचीही चाल होती. दोन्ही कल्पना चतुर, आणि दोन्हींत एकच खोट : गिअर बदलताना दांडा मधल्या मोकळ्या जागी अडकला तर चाके मूळ गिअरपेटीपासून तुटतात, आणि पायाचा ब्रेक त्या पेटीतच राहतो. घाट उतरताना गिअर बदलण्याची बुद्धी व्हावी आणि दांडा अर्ध्यावर अडकावा, याहून वाईट क्षण मोटारचालकाच्या वाट्याला येत नसेल. तेव्हा असा आस किंवा अशी पेटी बसवायची तर चाकांवर स्वतंत्र ब्रेक बसवणे ही पूर्वअट आहे.

डिफरन्शियलचाही एक खोडकर गुण येथे सांगितला पाहिजे. वळणावर बाहेरचे चाक अधिक धावावे म्हणून डिफरन्शियल असते. मधला दांडा धरून ठेवला तर ते एवढेच पाहते की दोन्ही चाकांच्या फेऱ्यांची बेरीज शून्य व्हावी. दोन्ही थांबली तरी बेरीज शून्य. एक पुढे आणि दुसरे तेवढेच मागे फिरले तरी शून्यच! एक चाक कोरड्या रस्त्यावर आणि दुसरे चिखलात असताना गिअरपेटीतला ब्रेक जोराने लावला तर चिखलातले चाक उलटे फिरू लागते, कोरडे चाक पुढे चालत राहते आणि गाडी तिरपी होते. दोन्ही चाकांना मिळणारा ब्रेक दुबळ्या चाकाएवढाच. ब्रेक चाकांवर असेल तर हा प्रकार होत नाही.

चाकांवरच्या ब्रेकची जुनी व सोपी युक्ती म्हणजे ‘रॉकी माउंटन’ ब्रेक. मागच्या चाकांच्या ढोलांना बाहेरून पट्टा घालायचा आणि पायाची पट्टी ओढकाठ्यांनी त्यांना जोडायची. दोन्ही बाजूंना सारखा जोर जावा म्हणून मध्ये तराजूच्या दांडीसारखी एक आडवी दांडी. पुढे जाताना फिरता ढोलच पट्ट्याला ओढून अधिक घट्ट आवळतो, म्हणून थोड्या जोरात काम होते. मागे जाताना तोच ढोल पट्टा सैल करू पाहतो. तेव्हा चढावर गाडी मागे घसरू लागली तर या ब्रेकवर विसंबू नये. पट्टा उघडा असल्याने पावसातही त्याची पकड कमी होते. दोष दोनच आहेत, पण ते ओळखून असावे. आज द्रवाच्या दाबाने चालणारे, तबकडीचे ब्रेकही या गाडीला बसवता येतात. ओल्या दिवशी ते अधिक भरवशाचे. दिसायला मात्र धोतरावर कोट घातल्यासारखे दिसतात.

कोणताही ब्रेक बसवला तरी तो मागच्याच चाकांवर असेल तर एक मर्यादा ओलांडता येत नाही. ब्रेक लावला की गाडीचा भार पुढे झुकतो, मागची चाके हलकी होतात आणि त्यांची रस्त्यावरची पकड नेमकी गरजेच्या वेळी घटते. रबर आणि रस्ता यांमधील घर्षण ०.६, मागच्या चाकांवर निम्म्याहून थोडे अधिक वजन आणि उंच गाडीचा उंच गुरुत्वमध्य, असे धरून हिशेब केला तर मघाचा ०.२८ हा आकडा येतो. याचा अर्थ ताशी चाळीस मैलांवरून थांबायला सुमारे १९० फूट लागतात, आणि साठ मैलांवरून सुमारे ४३०. चालकाच्या पायाला लागणारा विचाराचा वेळ यात धरलेला नाही. चारही चाकांवर ब्रेक असता तर हेच आकडे ९० आणि २०० च्या आसपास आले असते. मागचा ब्रेक कितीही सुधारला तरी १९० चे ९० होत नाहीत. चाक एकदा घसरू लागले की पुढे सगळा मामला रबराचा आणि डांबराचा.

तेव्हा साठ मैलांची हौस असेल तर पुढच्या चाकांनाही ब्रेक हवा, असा निष्कर्ष निघतो. फोर्डने स्वतः तो काढला तो १९२७ च्या डिसेंबरात, ‘मॉडेल ए’ आणताना. तिला चारही चाकांवर ब्रेक होते. मॉडेल टीला ते मागाहून बसवणे सोपे नाही. तिचा पुढचा आस वजन तोलण्यासाठी आणि चाके वळवण्यासाठी घडवलेला आहे. ब्रेकचा पीळ येईल ही कल्पनाच घडवणाऱ्याच्या मनात नव्हती. त्याला धरून ठेवणारी दुपाखी काठी, वळणारे खुंट, लाकडी आरे, सगळेच नव्याने तपासावे लागते. चाक वळवताना ओढकाठी ताणली जाऊन ब्रेक आपोआप लागू नये ही वेगळीच चिंता. हे काम चांगल्या कारागिराचे आणि सावकाश करायचे आहे.

इतके बदल केल्यावर ती गाडी जुनी राहिली का? माझ्या मते विषयाचा खरा पेच येथे आहे. इंग्लंडातील व्हिंटेज गाड्यांच्या जुन्या क्लबात १९३१ पूर्वीची गाडी ती व्हिंटेज, असा संकेत आहे. आपल्याकडे २०२१ साली केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. तीनुसार पन्नास वर्षांहून जुने, मूळ स्वरूपात राखलेले आणि सांगाडा, अंग किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेले वाहन व्हिंटेज ठरते. अशा गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते आणि ती रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. नवे माथे बसवलेली फोर्ड या व्याख्येच्या चौकटीत कशी बसेल, हा प्रश्न धन्याने इंजिन खोलण्यापूर्वी स्वतःला विचारावा. मागाहून विचारून उपयोग नाही.

मला येथे एकनाथांची आठवण होते. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत काळाच्या ओघात अपपाठ शिरले होते. त्यांनी शके १५०६ मध्ये तिची प्रत शुद्ध केली आणि नव्या ओव्यांची भर घालू पाहणाऱ्यांना बजावून ठेवले. यंत्राला हा न्याय जसाच्या तसा लावता येणार नाही, कारण ग्रंथातला अपपाठ कोणाचा जीव घेत नाही आणि गाडीतला मूळ वॉशर घेऊ शकतो. पण मधला मार्ग आहे. ब्राँझचा वॉशर पेटीच्या आत असतो, कोणाला दिसत नाही, आणि मूळ रचना तो जशीच्या तशी ठेवतो; त्याला प्रक्षेप म्हणणे हट्टीपणाचे होईल. बाहेरून आवळणारे ब्रेक त्या काळीच मिळत होते, ते त्या काळाचेच लेणे. त्यासाठी सांगाड्याला शक्यतो नवे भोक पाडू नये, जुन्याच बोल्टांच्या जागा वापराव्यात. काढलेला प्रत्येक भाग कागदात गुंडाळून, नाव-तारीख लिहून जपून ठेवावा. पुढच्या पिढीतल्या कोणाला मूळ पाठ परत हवा असेल तर तो मिळाला पाहिजे. याउलट आख्खा आस काढून तेथे आजच्या गाडीचा आस ठोकणे मला पटत नाही. अशी गाडी सुरक्षित असेल, पण तिला मॉडेल टी का म्हणावे, हे सांगणे कठीण पडेल.

आता कामाचा क्रम. बहुतेक जण इंजिनापासून आरंभ करतात, कारण त्यात मजा आहे आणि आवाजही. माझ्या मते क्रम नेमका उलटा असावा. आधी आस उघडून वॉशर, बेअरिंगे, चाव्या आणि निमुळती टोके पाहावीत. मग चाकांवरचे ब्रेक बसवून गाडी मूळ इंजिनावर चालवावी. प्रथम चालण्याच्या वेगाने, मोकळ्या मैदानात. मग हळूहळू वेग वाढवीत. दर वेळी उतरून दोन्ही ढोलांना सावधपणे हात लावून पाहावे. एक गरम आणि दुसरा थंड लागला तर आडव्या दांडीचा तोल बिघडलेला असतो, आणि हा दोष वीस अश्वशक्तीच्या गाडीत दुरुस्त करणे चाळीसच्या गाडीपेक्षा बरे. नवे माथे तोवर फळीवर धूळ खात पडले तरी चालेल.

मागच्या चाकांचे नट मात्र पहिल्या पन्नास मैलांनंतर पुन्हा आवळावेच लागतात. निमुळत्या टोकावर तुंबा हळूहळू आत बसत जातो आणि पहिल्या दिवशी घट्ट वाटलेला नट सैल होतो. आवळून झाले की खिळ नव्याने घालावी; जुनी सरळ करून पुन्हा वापरू नये. एका खिळीची किंमत किती, आणि ती कोणाला धरून असते!